झाडावरचे घर : आधी झाडाचे, मग घराचे

परसातल्या आंब्यावर आपले एक घर असावे, ही मुलांची इच्छा नवी नाही. मे महिन्याच्या सुटीत ती बोलून दाखवली जाते, मोठ्यांपैकी कोणीतरी ती मनावर घेतो, आणि जुन्या दाराच्या फळ्या, मूठभर खिळे नि नायलॉनची दोरी एवढ्या सामानावर रविवारच्या एका दुपारी घर उभेही राहते. पहिल्या पावसाळ्यात फळ्या फुगतात, दुसऱ्या पावसाळ्यात खिळे गंजतात, आणि तिसऱ्या वर्षी तिथे कोणी चढेनासे होते. फळ्यांचे नुकसान सोसता येते. मात्र तोवर दोरी सालीत रुतलेली असते, खिळ्यांच्या भोकांतून पाणी मुरलेले असते, आणि आजोबांच्या वडिलांनी लावलेल्या झाडाची एक फांदी वाळू लागलेली असते.

ज्याचा खांब जिवंत आहे, असे हे एकच घर. हा खांब वाऱ्यावर डोलतो, दरवर्षी जाड होतो, जखम झाली तर ती आपल्या रीतीने मिटवतो आणि जखमा फार झाल्या तर मरतोही. झाडावरचे घर बांधताना होणाऱ्या बहुतेक चुका झाडाला निर्जीव खांब समजल्यामुळे होतात. म्हणून या कामाचा आरंभ हातोडीने न करता झाडाच्या ओळखीने करावा लागतो. आणि ती ओळख घरातल्या, शेजारातल्या अनेकांकडे थोडी थोडी विखुरलेली असते.

माळ्याची परंपरा

जमिनीपासून उंच, चार दांड्यांवर किंवा झाडाच्या आधाराने बसायला जागा करणे गोवा-कोकणाच्या हाताला सवयीचे आहे. पिकाची राखण करण्यासाठी शेतात माळा उभारत. रानडुकरांना हाकायचे, पाखरांना उडवायचे आणि हंगाम संपला की तो मोडून लाकूड घरी आणायचे, अशी रीत होती. शिकारीचे मचाण हे त्याचेच भावंड. केनियातील ‘ट्रीटॉप्स’ हे विश्रामगृह मुळात उंबराच्या कुळातील एका मोठ्या झाडावर बांधलेले होते. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज फेब्रुवारी १९५२ मध्ये ज्या रात्री निवर्तले, त्या रात्री राजकन्या एलिझाबेथ तिथेच मुक्कामाला होत्या, आणि कुमाऊँच्या जंगलांत आयुष्य घालवलेले वृद्ध जिम कॉर्बेट त्यांच्या सोबतीला होते.

पाश्चात्य देशांत गेल्या काही दशकांत या कामाचे शास्त्र तयार झाले. अमेरिकेतील ओरेगन राज्यात मायकल गार्नियर यांनी झाडांवर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. स्थानिक प्रशासनाने त्यांच्या मजबुतीवर शंका घेतली, तेव्हा त्यांनी साठाहून अधिक माणसे, दोन कुत्रे आणि एक मांजर एकाच वेळी वर चढवून आपले बांधकाम भार पेलते हे दाखवून दिले. पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाणारा जाड पोलादी बोल्टही प्रचारात आला. अनेक खिळ्यांऐवजी एकच भक्कम आधार, हे त्यामागचे तत्त्व आहे. ते समजण्यासाठी झाड आतून कसे असते ते पाहायला हवे.

झाड कसे वाढते

बुंध्याला ठोकलेला खिळा झाडाबरोबर वर सरकत जातो, अशी एक जुनी समजूत आहे. तसे घडत नाही. झाडाची उंची शेंड्यांशी वाढते. बुंधा फक्त जाड होतो. चार फुटांवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनीही चार फुटांवरच असतो, पण तोवर लाकडाने त्याला गिळलेले असते. म्हणजे झाडाला बांधलेले घर वर उचलले जाण्याची भीती नाही. भीती आहे ती झाड जाड होत असताना त्याला जागा न मिळण्याची.

जाडी वाढवणारा जिवंत थर सालीच्या लगेच खाली, अगदी पातळ असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूने पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरते, तर आतल्या ताज्या लाकडातून मुळांचे पाणी वर चढते. बुंध्याभोवती घट्ट बांधलेली दोरी, तार किंवा पट्टी काही वर्षांत सालीत रुतते आणि अन्नाची वाट अडवते. पाणी वर जात राहते म्हणून पाने काही काळ हिरवी दिसतात. मुळे मात्र उपाशी पडत असतात. एखादा मोठा बोल्ट झाडाला जितका बाधत नाही, तितकी ही ‘खिळा न मारता’ बांधलेली दोरी बाधते. झोपाळ्याची दोरीही याच कारणासाठी रुंद पट्ट्यावरून घ्यावी आणि दर हंगामात सोडून तिची जागा थोडी बदलावी.

जखमेबाबत झाडाची रीत माणसापेक्षा वेगळी आहे. आपली कातडी भरून येते. झाड बिघडलेला भाग दुरुस्त करत नाही, तो कोंडून टाकते. जखमेभोवती आतून भिंती उभारून कुजणे पुढे जाऊ नये अशी तजवीज ते करते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. अमेरिकी वनविकृतिशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य बुंधे उभे चिरून ही प्रक्रिया अभ्यासली आणि १९७७ मध्ये तिची सूत्रबद्ध मांडणी केली. त्यातून बांधणाऱ्याने घ्यायचा बोध सरळ आहे. जवळजवळ ठोकलेले दहा खिळे झाडाच्या लेखी दहा छोट्या जखमा राहत नाहीत. त्या एकमेकींत मिसळतात आणि मधला सगळा भाग मृत म्हणून कोंडला जातो. म्हणून भोके कमीत कमी असावीत, दोन बोल्टांमध्ये किमान दीड फुटाचे उभे अंतर राखावे, आणि लाकूड बुंध्याला घट्ट चिकटवू नये.

कोणते झाड?

घराआधी झाडाची परीक्षा. जुना रायवळ आंबा, चिंच आणि पक्व फणस ही परसातली भरवशाची झाडे. कलमी मानकुराद कमी उंचीवर फांद्या फोडतो, पण त्याच्या फळांचे मोल जाणणारा कोणी त्यावर भार घालायला सहसा राजी होणार नाही, आणि ते योग्यही आहे. काजूच्या फांद्या हाताशी असतात, तरी त्यांच्यावर विसंबून घर बांधू नये. शेवगा आणि पांगारा ठिसूळ. गुलमोहर आणि रेन ट्री पावसाळ्यात फांद्या टाकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. माड वाऱ्यावर हेलकावे खातो, आणि त्याच्याखाली बसणे म्हणजे नारळाशी गाठ.

झाड मोठे असणे पुरेसे नाही, ते निरोगी हवे. बुंध्याचा घेर किमान तीन-साडेतीन फूट असावा. लाकडी हातोड्याने बुंध्यावर ठिकठिकाणी हलके ठोकावे. पोकळ आवाज आला तर तिथे थांबावे. बुंध्याच्या पायाशी लाकडाला चिकटून अळंबी उगवत असेल, वाळवीच्या मातीच्या वाटा वर गेल्या असतील, सालीतून भुसा गळत असेल, तर आत काही बिघडले आहे. आंब्यावर बांडगूळ माजले असेल तर ते आधी काढावे. दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यात एकमेकींना दाबत वर गेल्या असतील, तर तो सांधा दिसतो तितका बळकट नसतो. झाड एका अंगाला कलले असून विरुद्ध बाजूच्या मातीला भेग पडली असेल, तर त्याखाली मुलांना खेळूही देऊ नये. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात पडलेली झाडे ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

झाडावर की झाडाजवळ?

झाडावरच्या घराचे दोन प्रकार आहेत. एकात सगळा भार झाड पेलते. दुसऱ्यात घर खांबांवर उभे असते आणि झाड त्याच्या मधून किंवा कडेने वर जाते. मुलाला वर बसल्यावर यातला फरक जाणवत नाही. झाडाला मात्र फार जाणवतो.

थोडा हिशेब करून पाहावा. आठ फूट लांब, आठ फूट रुंद जमीन धरली तर ती सुमारे ६ चौरस मीटर होते. राहत्या घराच्या खोलीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरतात. म्हणजे माणसांचाच भार १,२०० किलो धरावा लागतो. इतकी मुले चढणार नाहीत, असे म्हणून हा आकडा कमी करू नये. वाढदिवसाच्या दिवशी किती जण चढतील आणि त्यांतले किती उड्या मारतील, हे कोणी सांगावे! लाकूडसामानाचे अडीचशे किलो मिळवले तर एकूण साडेचौदाशे किलो. हा भार चार खांबांवर वाटला तर प्रत्येकी साडेतीनशे किलोंहून थोडा अधिक येतो, आणि तेवढा एक साधा खांब सहज पेलतो. हाच भार एका फांदीवर टाकायचा असेल तर त्या फांदीबद्दल जे माहीत असावे लागते, ते सामान्य माणसाला माहीत नसते.

शिवाय वारा आहे. झाड डोलते, खांब डोलत नाहीत. दोघांना एकाच पाटीने जखडले तर पाटी तरी फुटते नाही तर बोल्ट झाडातून उपटून निघतो. खांबांवरच्या घराला झाडाशी बांधण्याची गरजच नसते. जमिनीतून बुंधा जिथे वर जातो, तिथे चहूबाजूंनी तीन इंच मोकळी जागा ठेवावी आणि पुढे झाड जाड झाले की फळी कापून ती वाढवावी. घर हलू नये म्हणून खांबांना तिरके आधार द्यावेत. चार सरळ खांबांवरचा माळा कितीही जाड लाकडाचा असला तरी डुलतो.

खांबांचे खड्डे खणताना मुळांचे भान हवे. पाणी-अन्न शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात आणि जिथे खाली जांभ्याचा थर लागतो, तिथे तर त्यांना दुसरी जागाही नसते. यंत्र न लावता कुदळीने खणावे, आणि अंगठ्याहून जाड मूळ लागले तर खड्डा सरकवावा, मूळ तोडू नये. खांब मातीत न पुरता चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या बैठकीवर लोखंडी पायात बसवला तर वाळवी आणि पाणी दोन्ही दूर राहतात.

लाकूड, लोखंड आणि पाऊस

वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात उघड्यावरचे लाकूड निवडून घ्यावे लागते. सागवान उत्तम, पण महाग. मत्ती, म्हणजे ऐन, हा गोव्याचा राज्यवृक्ष. त्याचे लाकूड जड आणि टणक असते. फणसाचे लाकूडही चांगले. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण उघड्यावर त्यांना कीड लवकर लागते. सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे पाडलेल्या जुन्या घराचे वासे आणि तुळया. मात्र त्यांतले खिळे काढून, पोखरलेला भाग कापून मगच त्या वापराव्यात. कठड्यासाठी बांबू चालतो, पण तो दर काही वर्षांनी बदलावा लागणार हे गृहीत धरावे.

होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल लाकूड टिकवते खरे, पण त्याने कातडी भाजते. मुलांचे हात जिथे लागतील तिथे ते नको. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात पुरेत. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवावीत. खारा वारा जवळ असेल तर बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत. फळ्यांमध्ये पाव इंचाची फट ठेवली तर पाणी साचत नाही. आणि छप्पर? पत्र्याचे छप्पर वादळात शिडासारखे काम करते. झाडाची सावली हेच खरे छप्पर. पाहिजे तर उन्हाळ्यापुरते झापांचे आच्छादन घालावे नि पावसाआधी उतरवावे.

बांधणीसाठी दिवाळीनंतरचे दिवस योग्य. माती अजून मऊ असते, आभाळ मोकळे असते आणि आंबा मोहरायच्या आत वरचे काम आटोपते.

विचारायचे कोणाला?

गोव्यातली कितीतरी घरे आणि परसे अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. झाड एका कुटुंबाच्या अंगणात असले तरी ते सगळ्या भाऊबंदांचे असू शकते. मुंबईला असलेल्या काकांना किंवा लंडनला असलेल्या चुलतभावाला आधी कळवले तर पुढचा कडवटपणा टळतो. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ प्रमाणे झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मोठी फांदी उतरवायची असली तरी तिथे विचारून घेणे हिताचे. मुलांच्या खेळण्याच्या माळ्यापलीकडे काही कायमचे बांधायचे मनात असेल, तर पंचायतीत चौकशी करावी. विजेच्या तारा जवळून जात असतील तर ते झाड सोडून द्यावे.

आणि शेजारी. आठ फुटांवर चढले की पलीकडची विहीर, न्हाणीघर, मागचे दार, सारे दिसू लागते. काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांना बोलावून दाखवावे, त्या बाजूचा कठडा उंच आणि बंद करावा. त्यांची मुलेही तिथे खेळायला येणारच असतात.

हातांची वाटणी

हे काम एकट्याचे नाही. ज्या गावात चवथीची माटोळी बांधली जाते आणि लग्नाचा माटव शेजाऱ्यांच्या हातांनी उभा राहतो, तिथे बांधणारे हात शोधावे लागत नाहीत. फक्त कोणाला काय येते ते ओळखावे लागते.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडे झाडाचा इतिहास असतो. कोणत्या पावसात कोणती फांदी पडली, पाणी कुठे साचते, जुना शौचकूप कुठे बुजवला, हे कोणत्याही नकाशात नसते. आजीला एकदा झाडाभोवती फिरवून आणले तर खांबांच्या निम्म्या जागा ठरतात. वर चढून फांद्या तपासायचे काम पाडेल्याचे. कोणत्या फांदीवर पाय द्यावा आणि कोणत्या नाही, हे त्याला आवाजावरून कळते. तुळयांचे सांधे सुताराने करावेत आणि त्याची मजुरी पूर्ण द्यावी. मैत्रीच्या नावाखाली कारागिराचा दिवस फुकट घेणे बरे नव्हे. मित्रमंडळींचा उपयोग उचलायला, धरायला, दोर ओढायला. मात्र तुळई वर चढत असताना सूचना एकानेच द्याव्यात. सहा जणांनी सहा दिशांना ‘ओढा’ म्हणण्यातून अपघात होतात. खाली कोणी उभे राहू नये. पेजेची वेळ पाळावी. आणि श्रमपरिहाराच्या बाटल्या, हत्यारे पेटीत गेल्यावरच उघडाव्यात.

मुलांना शेवटी ‘सरप्राइज’ म्हणून घर देण्यापेक्षा पहिल्यापासून कामात घ्यावे. दोरीने बुंध्याचा घेर मोजणे, पुठ्ठ्याचा नमुना करणे, फळ्यांना काचपेपर मारणे, तेल लावणे ही त्यांची कामे. फांदीवर तांबड्या मुंग्यांची, म्हणजे हुमल्यांची, पानांची घरटी असतील तर ती जाळायची नसतात, कारण हे हुमले आंब्यावरच्या किडी खातात, हेही त्यांना तिथेच कळते. घर कोणत्या फांदीला टाळून बांधले आणि का, हे ज्याला माहीत आहे, ते मूल पुढे त्या फांदीला लटकणार नाही.

पडणे गृहीत धरून

मुले पडतात. म्हणून माळा सहा ते आठ फुटांपेक्षा उंच नसावा. कठडा किमान तीन फुटांचा हवा, आणि त्याच्या उभ्या पट्ट्यांतली फट साडेतीन इंचांहून कमी, म्हणजे लहानग्याचे अंग त्यातून निसटणार नाही आणि डोके अडकणार नाही. आडव्या पट्ट्या शिडीसारख्या चढल्या जातात, त्या टाळाव्यात. शिडी पक्की बसवलेली, हाताला धरायला दांडा असलेली असावी. खाली चिरे, पायरी किंवा तुळशीवृंदावनाची कड नको. जिथे पडण्याचा संभव आहे तिथे फूटभर वाळूचा थर द्यावा. गडगडाट ऐकू आला की लगेच खाली उतरायचे, हा नियम वळिवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात कसोशीने पाळावा, कारण उंच झाडावर वीज पडण्याचा धोका असतो.

जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घर बंद. फळ्यांवर शेवाळ चढते, पाय घसरतो. पावसानंतर दरवर्षी एक दिवस तपासणीचा ठेवावा: बोल्ट आवळावेत, कुजलेली फळी बदलावी, वाळक्या फांद्या उतरवाव्यात, बुंध्याभोवतीची फट मोजावी. फट दोन इंचांवर आली असेल तर फळी कापायची वेळ झाली.

दहा-बारा वर्षांनी मुले मोठी होतील, शिकायला बाहेर जातील आणि घर ओस पडेल. त्या दिवसाचा विचार पहिल्याच दिवशी करावा. सांधे खिळ्यांऐवजी बोल्टांनी केले असतील तर एका सकाळी चार जण मिळून माळा उतरवू शकतात. लाकूड गोठ्याला, मांगराला किंवा दुसऱ्या कोणाच्या परसातल्या माळ्याला उपयोगी पडते. वाळू पसरावी, चिऱ्यांच्या बैठका हळूच काढून खड्डे मातीने बुजवावेत. पुढच्या हंगामात आंबा नेहमीसारखा मोहरला, तर काम नीट झाले होते असे समजावे.